छताला टेकलेला रबर प्लांट आणि आखाजीची घाई

जळगावच्या एका ताईंनी फोटोंसकट प्रश्न पाठवलाय. बैठं घर सोडून त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या आणि अंगणातली झाडं सोबत घेऊन आल्या. हॉलमधला रबर प्लांट साडेनऊ फुटांच्या छताला टेकून वाकलाय. त्याच्या शेजारी अरेका पाम, ड्रेसिना आणि ठिपक्याठिपक्यांच्या रुंद पानांचं एक झाड. पश्चिमेच्या चार बाय दहा फुटांच्या गॅलरीत ड्रममधला कढीपत्ता, ड्रममधलं लिंबू, जास्वंद आणि मोगरा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघी लेकी मुलाबाळांसकट माहेरी यायच्यात आणि घरात पाय ठेवायला जागा नाही. "सगळी झाडं एकदाच गुडघ्याएवढी कापली तर जगतील का? आते काय करानं, भाऊ?"

ताई, कापायला हरकत नाही. पण सगळी कापायची नाहीत, आणि जी कापायची तीही सगळी आत्ता नाहीत. आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, की झाड किती ठेवायचं हे छत ठरवतं. ते उजेड ठरवतो. तुमच्या हॉलचं छत पंधरा फुटांवर असतं तरी त्या कोपऱ्यात रबर प्लांट असाच झाला असता: खाली काठी, वर पानांचा झुबका. फोटो नीट पाहिला तर खालच्या चार-साडेचार फुटांत एकही पान नाही, आणि वरची पानं सगळी खिडकीकडे तोंड करून आहेत. झाड मोठं झालंय असं तुम्हाला वाटतं. मला ते उजेडासाठी ताणलेलं दिसतं. ते कापून त्याच कोपऱ्यात परत ठेवलंत तर नवी फूट पहिल्यापेक्षा बारीक आणि लांब येईल, आणि पुढच्या आखाजीला तुम्ही हाच प्रश्न विचाराल.

म्हणून सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, हातात घेण्याआधी जागा ठरवा. मोबाईलवर उजेड मोजायचं फुकट ॲप मिळतं. ते काही प्रयोगशाळेचं यंत्र नाही, पण फरक कळायला पुरेसं आहे. उजेड लक्स या मापात दिसतो; भर दुपारच्या उघड्या उन्हात आकडा लाखाच्या आसपास जातो. खिडकीला लागून, ऊन न पडता, दोन-तीन हजार लक्स मिळाले तरी रबर प्लांट खूश असतो. हॉलच्या आतल्या कोपऱ्यात दिवसाढवळ्या शंभर-दोनशे दिसले तर समजा, तिथे झाड फक्त तग धरतं, वाढवायची ताकद त्या उजेडात नाही. आपल्या डोळ्यांना मात्र दोन्ही जागा उजेडाच्याच वाटतात, कारण डोळा लगेच जुळवून घेतो. छाटलेलं झाड पहिले तीन महिने खिडकीपासून तीन-चार फुटांच्या आत हवं. तशी जागाच नसेल तर पांढरी एलईडी ट्यूब शेंड्याच्या फूट-दीड फूट वर टांगून बारा तास चालू ठेवा. जांभळ्या रंगाच्या महागड्या दिव्यांच्या नादी लागू नका.

आता आखाजीचं. हा सण येतो तो ऐन वैशाखाच्या तोंडावर. भुसावळ-जळगावला तेव्हा पारा ४४-४५ पर्यंत चढलेला असतो आणि दुपारची हवा अशी कोरडी की धुतलेली चादर दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळते. पश्चिमेच्या गॅलरीतलं झाड अशा वेळी बोडकं केलं की आतल्या फांद्यांची साल, जिने कधी ऊन पाहिलेलंच नाही, ती दुपारी चारच्या उन्हात भाजते. महिन्याभराने ती तडकते आणि तिथून बुरशी आणि खोडकिडा दोघांनाही वाट मिळते. वर पानंच नाहीत, सावली कोण देणार? गॅलरीतलं झाड वैशाखात जोरात छाटायचं नाही. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊ द्या, हवा ओलसर होऊ द्या. जूनची अखेर ते ऑगस्टची सुरुवात हाच आपल्याकडचा छाटणीचा खरा काळ. थंडीतही नको. जळगावची थंडी दहा अंशांच्या खाली उतरते, आणि ही उष्ण मुलखातली झाडं तेव्हा झोपलेली असतात. कापलेलं लाकूड दोन-दोन महिने फुटत नाही. मोगरा तेवढा अपवाद, त्याचं पुढे सांगतो.

घरातल्या झाडांना मात्र थेट ऊन नाही, कूलर चालू असला की हवेत थोडा ओलावाही राहतो. त्यामुळे हॉलमधलं काम आखाजीआधी उरकता येईल.

रबर प्लांटपासून सुरू करू. फोटोत कुंडीत तीन खोडं दिसतात. नर्सरीवाले कुंडी भरलेली दिसावी म्हणून दोन-तीन रोपं एकत्र लावतात. ते आज तुमच्या पथ्यावर पडलं. दोन खोडं आता कापा, तिसरं सध्या भिंतीकडे कलतं बांधून ठेवा. कुंडीसकट जमिनीपासून साधारण चार फुटांवर कापायचं. याहून उंच कापलं तर उपयोग नाही, कारण नवी फूट कापाच्या लगेच खालून निघते आणि वरच धावते. वर्षाला दीड-दोन फूट धरले तरी तीन वर्षं छताची काळजी नको.

शेंडा गेला की बाजूचे डोळे का फुटतात, हे खान्देशातल्या माणसाला सांगायची गरज नाही. तुरीचा शेंडा आपण खुडतोच. शेंड्यात तयार होणारं संजीवक खाली उतरत राहतं आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा काढला की दाब उठतो. रबर प्लांटच्या उघड्या खोडावर पान गळाल्याच्या ज्या आडव्या रेघा दिसतात ना, त्या प्रत्येक रेघेच्या वर एक निजलेला डोळा आहे. कापायचं ते अशा रेघेच्या अर्धा इंच वर, किंचित तिरकं, म्हणजे पाणी साचत नाही. जिथे हमखास फांदी हवी असेल तिथे त्या डोळ्याच्या थोडं वर खोडाच्या एक तृतीयांश जाडीपर्यंत आडवी खाच घ्या. दाब तेवढ्यापुरता तुटतो आणि तोच डोळा जागा होतो. ही युक्ती फार कमी लोक करतात, पण उघड्या काठीवर मधोमध फांदी आणायला दुसरा उपाय नाही.

चीक येईल, भरपूर येईल. खाली जुने पेपर अंथरा, जुने कपडे घाला, कारण तो डाग निघत नाही. हातमोजे घाला आणि डोळ्यांना हात लावू नका. कापावर गार पाण्याचा फवारा मारा आणि चुलीची राख किंवा कोळशाची पूड दाबा, चीक थांबतो. सिकेटर आधी आणि नंतर स्पिरिटने पुसा. लाकूड अंगठ्यापेक्षा जाड असेल तर सिकेटरने चावत बसू नका, बारीक दातांची छाटणी करवत घ्या. चेचलेला काप सडतो, साफ काप भरतो.

कापलेले शेंडे कुंडीत खोचून जगवायचा मोह होईल. एप्रिलच्या हवेत ते बहुधा वाळतात. म्हणून तर तिसरं खोड ठेवायला सांगितलं. पाऊस सुरू झाला की त्यावर गुटी बांधा: शेंड्यापासून दीड-दोन फूट खाली इंचभर रुंदीची सालीची अंगठी काढा, चीक पुसा, मुळं फुटायची पावडर लावा, भिजवून पिळलेलं मॉस (सुकं शेवाळ) गुंडाळा, वरून प्लास्टिक आणि दोन्ही टोकांना सुतळी. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली की खालून कापून वेगळ्या कुंडीत लावा. धाकट्या लेकीला देऊन टाका, किंवा जिन्यात ठेवा. तोवर पहिल्या दोन खोडांवर फूट आलेली असते, मग तिसरंही चार फुटांवर कापून त्यांच्या उंचीवर आणा. झाडाला पूर्ण बोडकं न करता काम होतं, हा यातला दुसरा फायदा.

अरेका पामकडे वळताना मात्र हात आखडा. रावेर-यावल पट्ट्यातली माणसं दरवर्षी पाम मारतात, आणि त्याचं कारण केळी! केळीचं खांब कापलं तरी मधून हिरवी सुरळी परत वर येते, हे आपण लहानपणापासून पाहतो. पण केळीचं ते खोड नसतंच. ती पानांच्या देठांची एकावर एक गुंडाळी असते, आणि खरा वाढीचा कोंब घड निसवायच्या वेळेपर्यंत खाली कंदापाशी असतो. पामचा कोंब उलट अगदी शेंड्यात. प्रत्येक काठीला एकच. तो कापला की ती काठी संपली, बाजूने काही फुटत नाही. त्यामुळे पामची उंची कमी करता येत नाही, गर्दी कमी करता येते. सगळ्यात उंच आणि जुन्या काठ्या मातीलगत मुळापासून कापा, पाच-सहा तरण्या ठेवा. हिरवी पानं उगाच काढू नका. टोकं करपली असतील तर तो बोअरच्या जड पाण्याचा प्रताप. करपलेला भाग कात्रीने पानाच्या आकारातच कापा आणि तपकिरी रंगाची अगदी बारीक कड तशीच ठेवा. हिरव्यात कापलं की तिथून पुन्हा करपतं.

याच जातीचा धोका ख्रिसमस ट्री आणि मोरपंखीचा. तुमच्याकडे नाहीत, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. ख्रिसमस ट्रीचा शेंडा उडवला की तो देखणा सुळका पुन्हा नीट उभा राहत नाही. मोरपंखी बाहेरून हिरवी आणि आत सुकी काटकी; हिरवा थर ओलांडून आत कापलंत तर तिथे भगदाड पडतं आणि ते भरत नाही.

ड्रेसिना कुठेही कापा, दोन-तीन कोंब येतील. कापलेल्या काठीचे वीतभर तुकडे करून पाण्यात ठेवा, तेही फुटतील, फक्त वरचं टोक वर राहू द्या. मनी प्लांट असेलच कुठेतरी, तो तर विचारूच नका, पेराच्या वर कात्री चालवा.

ते ठिपक्याच्या पानांचं झाड डिफेनबेकिया आहे. छाटायला सोपं, पण त्याच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावलं की जीभ आणि तोंड सुजतं, बोलणं अवघड होतं. नातवंडं लहान आहेत म्हणालात. आखाजीच्या चार दिवसांत ते झाड छाटण्यापेक्षा शेजारच्यांकडे नाहीतर गच्चीच्या जिन्यात, सावलीत ठेवा. छाटलेले तुकडेही लगेच पिशवीत बांधून टाका. गुरांपुढे तर मुळीच नको.

छाटणीनंतर झाडं मरतात ती बहुतेक वेळा कात्रीने नाही, प्रेमाने मरतात. पानं अर्ध्यावर आली म्हणजे पाण्याचा खपही तेवढाच उतरला. पण ताई, तुमचा हात रोज एक तांब्या ओतायला सवकलेला. माती आठवडाभर ओली राहते, मुळं गुदमरतात आणि लोक म्हणतात छाटणी मानवली नाही. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. आपल्याकडे लोक कुंडीत शेतातली काळी माती भरतात, तिथे हे जास्तच सांभाळायचं. ती ओली असताना चिखल, वाळली की कडेने फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली बशीत. वरून वाटतं झाडाने पाणी प्यायलं.

खत तर लगेच नकोच. नवी फूट येते ती खोडात आणि मुळांत साठवलेल्या अन्नावर. खत वापरायला आधी पानं लागतात. नव्या फुटीवर दोन-तीन पानं पूर्ण उघडली की मूठभर गांडूळखत पुरे. युरियाचे दाणे कुंडीत टाकायची सवय असेल तर सोडा. तीन ते पाच आठवडे काहीच दिसलं नाही तरी कुंडी हलवू नका. नखाने साल किंचित खरवडून पाहा, आत हिरवं आणि ओलं असेल तर झाड जिवंत आहे.

आता गॅलरी. आखाजीआधी इथे फक्त सुकलेलं, मोडलेलं आणि वाटेत येणारं काढायचं. बाकी फांद्या सुतळीने एकत्र आवळून बांधा. जागा लगेच मोकळी होते आणि झाडाला इजा नाही. साधी गोष्ट आहे, पण माणसाला कापायची इतकी घाई असते की बांधायचं सुचत नाही.

कढीपत्ता हा छाटणीला सगळ्यात दणकट. पावसाळा लागला की दीड-दोन फुटांवर बिनधास्त करवत लावा. एखादी जाडी फांदी पानांसकट ठेवली तर फूट लवकर येते, नाही ठेवली तरी येते. जुन्या लाकडातून डझनभर कोंब निघतील. त्यातले चार-पाच, बाहेरच्या बाजूला तोंड असलेले ठेवा, बाकी कोवळे असतानाच मोडा. मुळातूनही पोरं निघतात. ड्रममध्ये त्यांना जागा नाही. पुढे फोडणीला पानं घेताना एकेक डहाळी ओरबाडू नका, शेंड्यासकट फांदीचं टोक तोडा. स्वयंपाकासोबत छाटणी होत राहते आणि करवत परत काढावी लागत नाही. फुलं आली की खुडा. हिवाळ्यात पानं पिवळी पडून गळतात, त्यावर औषध शोधू नका, ते त्याचं चक्र आहे.

नवी कोवळी फूट आली की पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसणारी अळी पाहून घ्या. लिंबावरच्या फुलपाखराची ती अळी. कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले, दोन्हींवर ती तेवढ्याच आवडीने जगते. मोठी झाली की हिरवी होते आणि दोन दिवसांत सगळी फूट साफ करते. कढीपत्ता खायचा आहे, तेव्हा फवारणी नको. सकाळी हाताने वेचा.

ड्रमच्या मुळांचंही तेव्हाच बघा. कडेने मुळांचं वेटोळं झालेलं असेल तर बाहेरचा आणि तळाचा थर मिळून फार तर एक तृतीयांश मुळं काढा. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, वर दोन मुठी निंबोळी पेंड, आणि त्याच ड्रममध्ये परत. वरून छाटणी आणि खालून मुळं, हे एकाच वेळी कढीपत्त्याला सोसतं. रबर प्लांटला पावसाळ्यात सोसतं, एप्रिलमध्ये नाही.

मोगऱ्याला आता हात लावाल तर पाप लागेल, तो ऐन बहरात आहे. नव्या फुटीवर फुलतो म्हणून त्याची जोरदार छाटणी डिसेंबरअखेर ते जानेवारीत, आठ-दहा दिवस पाणी तोडून. जास्वंदही नव्या फुटीवरच फुलते, पण तिला जुलैत निम्म्यावर आणा. तिच्या बेचक्यांत पांढरा कापसासारखा थर दिसतोय, तो पिठ्या ढेकूण आहे. ते तुकडे कंपोस्टमध्ये टाकू नका, आणि त्याच सिकेटरने लगेच मोगऱ्याला जाऊ नका.

एक बारकावा गॅलरीच्या दिशेचा. जळगाव साधारण २१ अंश अक्षांशावर. त्यामुळे मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्याला दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि मधल्या दिवसांत तो किंचित उत्तरेकडे झुकतो. हिवाळ्यात तोच दक्षिणेला इतका खाली उतरतो की दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट हॉलमध्ये येतं. तुमच्या हॉलला दक्षिणेची खिडकी दिसते. रबर प्लांटची कायमची जागा तिच्यापाशी करा आणि दर पंधरवड्याला कुंडी पाव वळसा फिरवा. उन्हाळ्यात तिथे ऊन येत नाही, उजेड भरपूर.

राहिलं लिंबू. त्यावर तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंय, तरी स्पष्ट सांगतो, ते त्या गॅलरीत राहणार नाही. बियांपासूनचं कागदी लिंबू, आठ फुटांचं, काटे इंचभर, आणि गॅलरी चार फुटांची. छाटून बसवता येईल, पण जोरात छाटलेलं लिंबू वर्ष-दोन वर्षं नुसते सरळ, काटेरी धुमारे काढतं, फळ नाही. फळ यायला लागलं की पुन्हा गॅलरी भरलेली, पुन्हा छाटणी. म्हणजे काटे तुमचे आणि लिंबं बाजारची. ज्या नातेवाईकाचा मळा असेल त्याला ते न्यायला आत्ताच सांगून ठेवा. पावसाळ्यात निम्म्यावर छाटा, जाड कापांवर बोर्डोपेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. घरगुतीसाठी याच प्रमाणात शंभर-शंभर ग्रॅम आणि एक लिटर पाणी बस. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, लोखंडी भांड्यात नको. ड्रम उभा चिरा, मातीचा गड्डा न फोडता गोणपाटात बांधा, आणि खड्ड्यात ठेवताना खोडाची जी बाजू गॅलरीत पश्चिमेला होती ती पश्चिमेलाच येऊ द्या. त्या बाजूची साल उन्हाला सरावलेली आहे. उरलेल्या खोडाला चुना फासायला सांगा, दिवाळीआधीच्या उन्हातही साल भाजते.